फोकस मागं पडतोय

अण्णांनी लेन्स लावलेला कॅमेरा तसाच माझ्या टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "इंदू, फोकस मागं पडतोय. डोळे हुकतात."

"सगळ्याच फोटोंत?"

"तूच बघ."

मी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. फोटो सगळे त्यांच्या मुलीचे, सुप्रभाचे होते. दारातल्या पायरीवर, तुळशीपाशी, स्टुडिओतल्या जुन्या स्टुलावर. अंगावर साधी पांढरी साडी, हात मोकळे, कान मोकळे. लांबून पाहिले तर चांगलेच होते. पण मोठे केले की डोळे मऊ व्हायचे, साय धरल्यासारखे, आणि कान मात्र लख्ख. कानाच्या पाळीवरचं बुजत आलेलं भोक दिसत होतं, त्यामागची बारीक लव दिसत होती. नजर तेवढी नव्हती.

"कधीपासून होतंय?"

"लेन्स नवी घेतली ना, तेव्हापासून असेल. आधी लक्षात आलं नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "दीक्षा पुढच्या रविवारी आहे. त्याच्या आत झालं पाहिजे."

"होतंय की. बसा तर."

ते बसले नाहीत.

अण्णा, भूपाल चौगुले, म्हणजे जयसिंगपूरच्या बाजारपेठेतला जुना स्टुडिओ. आमच्या भागातल्या दोन पिढ्यांची लग्नं आणि बारशी त्यांनी टिपली. मी त्यांच्याकडे काउंटरवर पावत्या फाडायला लागले होते. माझे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यामुळं स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायची मला लहानपणापासून सवय. एकदा अडकलेलं शटर मी अण्णांना न विचारता मोकळं केलं. ते रागावतील म्हणून घाबरले होते. त्यांनी कॅमेरा कानाशी नेऊन शटरचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "तू फोटो काढायच्या नादी लागू नकोस. हे शीक." पुढं कामासाठी लागणारी हत्यारं त्यांनीच आणून दिली. सांगलीत कॅमेरा दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा पहिला बिघडलेला कॅमेरा त्यांनीच पाठवला होता, आणि तो मुळात बिघडलेला नव्हता हे मला उघडल्यावर कळलं.

सुप्रभा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं एम.एस्सी. केलं, दोन वर्षं कॉलेजात शिकवलं, मग चातुर्मासात आलेल्या आर्यिका माताजींच्या सहवासात गेली आणि तिथंच रमली. ब्रह्मचारिणी म्हणून संघाबरोबर पायी हिंडली. आता ती स्वतः आर्यिका, म्हणजे जैन साध्वी होणार होती. दीक्षा झाली की घर सुटतं, नाव सुटतं, नाती सुटतात. डोक्यावरचे केस हातानं उपटून काढले जातात. त्यानंतर आई-वडिलांनीही तिला हात जोडायचे. तिच्या आईनं, काकूंनी, मन घट्ट केलं होतं. त्या स्वतःही व्रतं करायच्या, त्यांना यातलं सगळं कळत होतं. अण्णांनीही परवानगी दिली होती, सगळ्या समाजासमोर, खणखणीत आवाजात. त्यांचं काय चाललंय हे मात्र कुणाला कळत नव्हतं. ते फक्त फोटो काढत होते.

"लेन्सचं तोंड जरा बारीक करून काढा ना अण्णा," मी म्हटलं. "म्हणजे डोळे-कान दोन्ही येतील."

"मग मागचा मंडप येईल, माईक येईल, मागं बसलेली माणसं येतील. मला ती एकटी पाहिजे."

मी तिवई पुढं ओढली.

फोकस जमवणं हे तसं शांत डोक्यानं करायचं काम आहे. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, स्वतंत्र तपासली तर चोख निघते, लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावली तर तीही चोख निघते, आणि दोघींना एकत्र आणलं की नेम चुकतो. दोघींच्या घडणीत बारीक बारीक फरक असतात, ते एका बाजूला साचतात. म्हणून प्रत्येक जोडी वेगळी तपासायची. मी कॅमेरा तिवईवर घट्ट बसवला, समोर तिरकी पट्टी लावली, पट्टीच्या मधल्या रेघेवर फोकस धरून फोटो काढले. फोकस थोडा मागं पडत होता खरा. कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन तो पुढं घेतला, पुन्हा काढले, पुन्हा घेतला. मधली रेघ सुईसारखी झाल्यावर आकडा तिथंच ठेवला. आता ही बॉडी ही लेन्स ओळखणार आणि लावली की आपोआप तेवढी दुरुस्ती करणार.

"झालं," मी म्हटलं. "आता चुकणार नाही."

अण्णांनी पट्टीचा फोटो बराच वेळ पाहिला. "तू म्हणतेस तर झालं असेल," म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांनी परत आले. यावेळी कार्ड त्यांनीच पुढं केलं. सुप्रभाचेच फोटो. कान लख्ख, डोळे मऊ.

मी कॅमेरा पुन्हा तिवईवर चढवला. पट्टी लावली. रेघ सुईसारखी. लांबून काढलं, जवळून काढलं. कुठंच चूक नाही. मग म्हटलं, "अण्णा, तुम्ही हातात धरून काढा. पट्टीचाच."

त्यांनी काढले. चोख.

"आता माझा काढा."

मी स्टुलावर बसले. अण्णांची जुनी रीत मला ठाऊक होती. डोळ्यावर फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, चौकट जुळवायची, आणि समोरच्याचा चेहरा मनासारखा होईपर्यंत थांबायचं. त्यांनी तसंच केलं. फोटो मोठा करून पाहिला तर माझ्या पापण्यांचे केस मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. त्यांचे हातही थरथरत नव्हते. सत्तरी जवळ आलेली, पण हात दगडासारखे.

"मग?" अण्णा म्हणाले.

"मग सुप्रभाला घेऊन या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं आले. दुकानात शिरताना सुप्रभानं उंबऱ्यावरच्या मुंग्या पाहिल्या आणि पाऊल लांब टाकलं. मला म्हणाली, "इंदूताई, तुझ्याकडं अजून तोच तेलाचा वास येतो." ती हसली की खालचा ओठ थोडा वाकडा व्हायचा, लहानपणासारखाच.

मी तिला स्टुलावर बसवलं. अण्णा समोर उभे राहिले. त्यांनी फोकस धरला, थांबले, बटण दाबलं. एक, मग अजून एक. मी कॉम्प्युटरवर पाहिलं. डोळे गेलेले.

तेवढ्यात अण्णांना मंडपवाल्याचा फोन आला. दुकानात नीट ऐकू येईना म्हणून ते बाहेर गेले. काचेतून ते रस्त्याकडेला एका जागी उभे राहून बोलताना दिसत होते.

सुप्रभा स्टुलावरून उठली नाही. हळूच म्हणाली, "इंदूताई, कॅमेऱ्यात काही नाहीये ना?"

"नाही."

"मग मीच हलते का गं?"

मी तिच्याकडं पाहिलं.

"मला वाटतंय मीच पुढं येते," ती म्हणाली. "त्यांनी डोळ्याला कॅमेरा लावला की ते थांबतात ना, तेवढ्या वेळात. मला कळत नाही, पण येत असेन. मी पुढं आले तर फोकस मागं पडेल ना?"

"पडेल."

"तेच." तिनं हात मांडीवर एकावर एक ठेवले. "रविवारी मला सगळ्यांसमोर सांगायचंय की कुणाशी माझं काही नातं उरलेलं नाही. आणि अजून मी वडिलांसमोर बसले की पुढं झुकत असेन, तर मला ते आधी कळलं पाहिजे. गुरुमाताजींना सांगावं लागेल. कदाचित थांबावंही लागेल."

तिचा आवाज साधा होता. पण कानाच्या मागं मानेवर तिचा घाम चमकत होता, दुकानात पंखा चालू असून.

"थांब," मी म्हटलं. "बघू आपण."

मी स्टूल उचलून लोखंडी कपाटाला टेकवलं. तिला म्हटलं, पाठ आणि डोकं कपाटाला लावून बस, आणि तसूभर हलू नकोस. अण्णा आत आले तेव्हा मी म्हटलं, "उजेड इकडं बरा आहे. अजून दोन काढा." ते समोर उभे राहिले. मी मात्र यावेळी कॉम्प्युटरपाशी गेले नाही. बाजूला, भिंतीशी उभी राहिले आणि त्या दोघांकडं आडवं पाहत राहिले.

सुप्रभाचं डोकं कपाटाला चिकटलेलं होतं. ती हलली नाही. अण्णांनी फोकस धरला. थांबले. आणि त्यांच्या टाचा उचलल्या गेल्या. अगदी सावकाश, चपलेतून. खांदे पुढं आले, छाती पुढं आली, उंच फळीवरचं काही काढायला माणूस पुढं होतो तसे. मग बटण दाबलं गेलं आणि टाचा परत खाली टेकल्या. त्यांना स्वतःला काही कळलं नव्हतं. त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि मला म्हणाले, "आता?"

"बघते," मी म्हटलं. "तुम्ही चहा घ्या जरा, समोर. मी लेन्स पुसून देते."

ते गेल्यावर मी फोटो उघडला. कान लख्ख, आणि कानाशेजारी कपाटाच्या गंजाचा ठिपका लख्ख.

"तू नाहीस," मी सुप्रभाला म्हटलं. "अण्णा आहेत." आणि पाहिलं ते सांगितलं.

तिनं डोळे मिटले. सुटकेचा श्वास टाकल्याचं मला ऐकू आलं. मग तो श्वास मध्येच कुठंतरी अडकला.

"त्यांना सांगू?" मी विचारलं.

"नको. सांगितलंस तर ते कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देतील. आणि मग रविवारी नुसते खुर्चीवर बसून राहतील. ते त्यांना जमणार नाही, इंदूताई."

"मेनूत आकडा बदलून ठेवता येईल. पण ते दर वेळी तेवढेच झुकतील असं नाही."

"आकडा नको." ती उठली. "तू येशील का? त्यांच्या मागं उभी राहा. त्यांना धर."

रविवारी गावाबाहेरच्या मैदानात मोठा मंडप होता. गावोगावची माणसं आली होती. दीक्षेच्या विधीत आई-वडिलांचा मान असतो. अण्णांनी आपला मान धाकट्या भावाला दिला आणि स्वतः कॅमेरा गळ्यात घालून मंचाच्या पायऱ्यांशी उभे राहिले. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, अनवाणी. त्यांना तिथून कुणी हटवलं नाही. तिच्यापासून फार तर दोन पावलांवर होते.

"गर्दी रेटतेय," मी म्हटलं. "मी मागून धरते तुम्हाला."

त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. "धर," म्हणाले.

मी त्यांच्या शर्टाची मागची बाजू कमरेपाशी मुठीत घेतली आणि दुसरा हात पाठीवर ठेवला.

आधी सुप्रभाला नटवून मिरवून आणलं होतं. आता ती सगळं उतरवून, साध्या पांढऱ्या साडीत, तांदळानं काढलेल्या स्वस्तिकावर बसली होती. तिनं माईक हातात घेतला. गुरूंकडं दीक्षा मागितली, मग समाजाची क्षमा मागितली, मैत्रिणींची, शिक्षकांची. मग आईची. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मी अण्णांची पाठ तळहाताखाली धरून होते. कापड ओलं झालं होतं.

मग ती वळली. अण्णा कॅमेऱ्यामागं होते, त्यामुळं ती कॅमेऱ्याकडंच वळली.

"अण्णा," तिनं माईक खाली घेतला होता, तरी ऐकू आलं. "काही चुकलं असेल तर क्षमा करा."

अण्णांचं बोट बटणावर अर्धं दाबलेलं होतं. फोकस धरला गेल्याची बारीक टिक् मला ऐकू आली. आणि मग मुठीत ओढ आली. मी त्यांना ओळखत होते तेवढ्या वर्षांत त्यांच्या अंगात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. दावं ओढणाऱ्या जनावरासारखी ती ओढ होती, गप्प आणि सरळ. मी पाय रोवले. शर्ट ताणला गेला, एका बाजूची शिवण उसवल्याचा आवाज आला. पण मी सोडलं नाही, आणि ते जागचे हलले नाहीत. टाचा जमिनीला टेकलेल्या होत्या. मी खाली वाकून पाहिलं होतं.

शटर वाजलं.

"क्षमा," अण्णा म्हणाले. आवाज कॅमेऱ्यामागून आला.

त्यानंतर केशलोच सुरू झाला. गुरुमाताजी राख लावून मुठीमुठीनं केस उपटत होत्या. बायका णमोकार मंत्र म्हणत होत्या. सुप्रभाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अण्णा फोटो काढत राहिले. आता मुठीत ओढ नव्हती. ते आपले आपण उभे होते, स्टुडिओत उभे राहायचे तसे. नवं नाव पुकारलं गेलं, लोकांनी जयजयकार केला. तिच्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू दिला गेला. तेव्हा अण्णांनी कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या हातात ठेवला, पायरीशी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"वंदामि, माताजी."

तिनं पिंछी उचलून आशीर्वाद दिला. ती त्यांच्याकडं पाहत होती, पण सगळ्यांकडं पाहावं तसं.

दुपारी मंडप रिकामा होत होता. सतरंज्या गुंडाळणारी माणसं एकमेकांना हाका मारत होती. अण्णा एका खांबाला टेकून बसले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो पाहू लागले. मी शेजारी बसले. एकेक फोटो ते मोठा करत होते. मिरवणुकीतला, चोख. स्वस्तिकावरचा, चोख. केशलोचाचे सगळे चोख, तिच्या कपाळावरची राखसुद्धा कणाकणानं दिसत होती.

मग तो एक आला. सुप्रभा सरळ लेन्सकडं पाहत होती. ओठ किंचित उघडे. अण्णांनी तो मोठा केला. कान लख्ख होता. डोळे मऊ.

अण्णांनी तो परत लहान केला, परत मोठा केला.

"इंदू."

"काय अण्णा?"

"तू धरलं होतंस ना?"

"होय."

"सुटलं नव्हतं?"

"नाही."

"मी हललो नाही?"

मी नुसती मान हलवली. नाही.

त्यांचं पडद्यावर टेकलेलं बोट तिथंच राहिलं. दुकानातल्या त्या सकाळबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण मी मागं का उभी होते, हे त्यांना मी धरलं त्या क्षणीच कळलं असणार. समोर सतरंजी ओढत नेणाऱ्या माणसानं "अण्णा, पाय घ्या" म्हटलं, त्यांनी पाय घेतले.

मग ते म्हणाले, "कुणी विचारलं तर मी हललो म्हणून सांग."

"बरं."

"तिनं विचारलं तरी."

"बरं, अण्णा."

पुढं भावकीतल्या लोकांनी चोख फोटोंतले निवडून मोठे करून घेतले. अण्णांनी मात्र घरात तो एकच लावला. येणारा-जाणारा म्हणायचा, एवढा नामांकित फोटोग्राफर आणि पोरीचाच फोटो हुकला. अण्णा म्हणायचे, "हात हलला." त्यानंतर ते सात-आठ वर्षं जगले. तेवढ्या काळात माताजींचा संघ कर्नाटकात आणि बुंदेलखंडात होता. ते एकदा दर्शनाला जाऊन आले, मला म्हणाले, "प्रकृती चांगली आहे त्यांची." त्यांची, म्हणाले.

अण्णा गेले त्याच्या पुढच्या वर्षी संघ विहार करत आमच्या बाजूला आला. मी दर्शनाला गेले. माताजी पाटावर बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या, उन्हानं रंग उतरला होता. मी लांबूनच वंदन केलं. त्यांनी ओळखलं. आजूबाजूची मंडळी आहाराच्या तयारीला उठून गेल्यावर त्यांनी विचारलं, "भूपालजी शेवटी शांत होते ना?"

"होय. णमोकार ऐकत गेले."

त्यांनी डोळे मिटून घेतले, उघडले. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही त्यांना धरलं होतं."

"होय, माताजी."

"आणि तरीही एक फोटो चुकला. मला लोकांकडून कळलं."

"अण्णा हलले," मी म्हटलं. शब्द दिला होता तो पाळला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खालचा ओठ थोडा वाकडा झाला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी पुढं आले. चार बोटं असेन. तेव्हाच कळलं मला. संध्याकाळी गुरुमाताजींना सांगितलं."

"मग?"

"त्यांनी प्रायश्चित्त दिलं. एक महिना मीठ सोडायचं."

बाहेरून कुणीतरी आहाराची वेळ झाल्याचं सांगत होतं. माताजींनी पिंछीनं समोरची जमीन हळूच झाडली आणि उठल्या.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग महिना संपला," त्या म्हणाल्या, आणि कमंडलू उचलून चालू लागल्या.